दार जरा उचलून ढकला

फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. घरमालकीण काकूंचा फोन म्हटला की संक्रांत, नाहीतर लेकीचा वाढदिवस, नाहीतर करार संपत आलेला. नोव्हेंबरच्या मध्यावर यातलं काहीच नव्हतं. पिठाच्या हातानं फोन स्पीकरवर टाकला. काकूंनी सगळ्यांची चौकशी केली, बंगळूरला गारठा पडल्याचं सांगितलं, तिथल्या भाजीवाल्याशी अजूनही खुणांनीच बोलावं लागतं हे सांगितलं आणि मग गप्प झाल्या. तव्यावरची पोळी मी उलटली, ती फुगली, उतरवली, तरी त्या गप्पच.

"काकू, आहात ना?"

"आहे गं." पुन्हा थोडं थांबून त्यांनी विचारलं, "हिची दहावीची परीक्षा कधी संपते?"

मार्चच्या मध्यावर, मी म्हटलं.

"बरं. मग मार्च जाऊ दे. एप्रिलमध्ये बघू."

काय बघू, ते त्या बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. पण भाड्याच्या घरात आठ वर्षं काढलेल्या माणसाला हे वाक्य कुठल्याही रूपात कळतं. पुढच्या पोळीचा उंडा हातात तसाच राहिला. दोन दिवसांनी त्यांच्या मुलाचा मेसेज आला, अगदी नीट, आदरानं लिहिलेला: बाबा गेल्यापासून आईचं इथे मन लागत नाही, तिला तिच्या स्वतःच्या घरी येऊन राहायचंय, तुम्हाला घाई करायची नाही.

तिच्या स्वतःच्या घरी. मी तो मेसेज त्याच घराच्या स्वयंपाकघरात उभी राहून वाचत होते.

कर्वेनगरमधलं हे घर. तीन मजली जुनी इमारत, लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. २०१६च्या जूनमध्ये आलो तेव्हा लेक पहिलीतून दुसरीत गेली होती. काका-काकूंना मुलानं बंगळूरला बोलावलं होतं, नातू लहान होता. "दोन वर्षांत परत येऊ," असं काका तेव्हा म्हणाले होते. किल्ल्या देताना त्यांनी आम्हाला घर दाखवलं ते असं, की एखादा माणूस आपल्या म्हाताऱ्या बैलाच्या सवयी नव्या धन्याला सांगतो. हा नळ पूर्ण बंद करू नका, एक आटा सोडा, नाहीतर वायसर जातो. या खोलीतल्या ट्यूबला दोनदा बटण दाबावं लागतं. गॅलरीचं दार पावसाळ्यात फुगतं, दर ज्येष्ठात मी त्याला खालून रंधा मारतो, तुम्ही सुताराला सांगा. आणि मधल्या खोलीतलं एक लोखंडी कपाट त्यांनी कुलूप लावून ठेवलं. "यात आमचं थोडं सामान आहे. अडचण नाही ना?"

अडचण नव्हती. भाड्याच्या घरांत असं एखादं कपाट किंवा माळ्याचा कोपरा मालकाचा असतोच. आम्ही त्या कपाटावर चादरी ठेवल्या, लेकीनं त्याच्या दारावर चुंबकांची अक्षरं चिकटवली. दिवाळीला मी ते बाहेरून पुसायचे. आठ वर्षं एका बंद कपाटासोबत राहिलं की त्याचं कुतूहल जातं आणि ते घरातल्या एखाद्या अबोल वडीलधाऱ्यासारखं होतं.

करार अकरा महिन्यांचा. पुण्यात भाड्यानं राहणाऱ्या प्रत्येकाला हे चक्र पाठ असतं. अकरा महिन्यांचा असल्यामुळे तो दर वर्षी एक महिना मागे सरकतो. पहिला जूनमध्ये झाला, मग मे, मग एप्रिल, असं करत तो सगळ्या ऋतूंमधून फिरून आला. दर वेळी काका-काकू बंगळूरहून यायचे. उतरायचे सदाशिव पेठेत, काकूंच्या नणंदेकडे. पुण्यात स्वतःचं घर असून ते पुण्यात पाहुणे असायचे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. चहाला आमच्याकडे, म्हणजे त्यांच्या घरी यायचे. काकू हॉलमध्ये सोफ्याच्या अगदी कडेला बसायच्या, पर्स मांडीवर. पाणी प्यायल्यावर भांडं स्वतः आत नेऊन ठेवायला उठायच्या आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकायच्या. "येऊ का गं आत?" असं विचारायच्या.

नवा करार करायला एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. शेवटचा करार २०२४च्या सप्टेंबरात झाला. काका जाऊन नऊ महिने झाले होते. करारावर या वेळी एकट्या काकू. त्यांचा अंगठा यंत्र घेईना. एजंटानं कापडानं काच पुसली, काकूंना हात धुवायला सांगितलं, मग थोडं खोबरेल लावून पाहिलं, मग दुसरं बोट, तिसरं बोट. काकूंच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर, आणि तेवढ्याच वर्षांचं काम. पंधरा-वीस मिनिटांनी उजव्या हाताची तर्जनी एकदाची लागली. काकू ओशाळल्या होत्या. त्या दिवशी जाताना त्यांनी गॅलरीत जाऊन कुंडीतला कढीपत्ता हातानं चाचपला. तो त्यांनीच लावलेला. बहुधा त्याच दिवशी त्यांचं ठरलं असावं.

मी ही बातमी ज्यांना ज्यांना सांगितली, त्यातल्या निम्म्या लोकांनी पहिलं वाक्य एकच म्हटलं: "अगं, असं सगळेच सांगतात. तुम्ही बाहेर पडलात की दोन महिन्यांत भाडं वाढवून दुसऱ्याला देतील." आम्ही २१ हजार देत होतो. आमच्याच इमारतीत नव्यानं आलेले ३० हजार देत होते. हिशेब डोळ्यांसमोर होता आणि एक रात्र मीही तो केला. नवऱ्याला म्हटलं, खरंच येणार असतील का त्या? चार जिने नाही म्हटलं तरी आहेत, एकट्या बाईनं... तो म्हणाला, "येवोत न येवोत. घर त्यांचं आहे." तो बरोबर बोलत होता. पण माझ्या मनात संशय आला होता आणि ज्या बाईनं आधी माझ्या मुलीची परीक्षा विचारली तिच्याबद्दल तो आला, याचं मला आजही वाईट वाटतं.

कायद्यानं पाहिलं तर काकूंना कारण सांगायचीही गरज नव्हती. आम्ही 'भाडेकरू' नव्हतोच. करारात आम्ही 'लायसन्सी', म्हणजे दुसऱ्याच्या जागेत ठरावीक काळ राहण्याची परवानगी मिळालेले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम २४. मुदत संपली की ताबा द्यायचा. नाही दिला तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो आणि जितके दिवस तुम्ही अडून राहाल तितके दिवस दुप्पट रक्कम भरायची. करारात नोटिशीचं कलमही असतंच, आमच्यात एक महिन्याचं होतं. डिसेंबरात निघा म्हणाल्या असत्या तरी आमच्यापाशी उत्तर नव्हतं. का निघायचं, हे विचारायला या सगळ्या कागदांत कुठेही जागा नाही.

हे सगळं वाचत असताना मला नारायण पेठेतला वाडा आठवत होता.

माझे आजोबा १९४९ साली त्या वाड्यात राहायला आले. तीन बिऱ्हाडं खाली, तीन वर, मधे चौक, चौकात नळ आणि तुळशीवृंदावन. आमच्या दोन खोल्या, भाडं महिना २२ रुपये. त्या आधी दोनच वर्षांपूर्वी, १९४७ साली मुंबई प्रांताचा भाडे नियंत्रण कायदा आला होता. महायुद्धानं महागाई वाढलेली, शहरांत माणसं येत होती, जागा नव्हती, फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले. मालकांनी वाटेल ते भाडं मागू नये, वाटेल तेव्हा बाहेर काढू नये म्हणून हा कायदा. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं असेल ते प्रमाण भाडं, तिथेच ते गोठवलं. त्या काळात ते योग्यच होतं. नाहीतर माझ्या आजोबांसारख्या कारकुनाला पेठेत कुणी उभं केलं नसतं. पण कायदा तात्पुरता म्हणून आला आणि मुदती वाढत वाढत अर्धं शतक राहिला.

मालक आणि आम्ही यांच्यात सुरुवातीला काही दुरावा नव्हता. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, तेव्हा हा वाडाही पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर मालक आणि भाडेकरू यांनी मिळून चौकातला चिखल उपसला. आजी आणि मालकीणबाई पंधरा दिवस एकाच चुलीवर सहा बिऱ्हाडांचं पिठलं-भात करत होत्या. आजी हे सांगायची तेव्हा तिचा आवाज वेगळा व्हायचा.

१९७४मध्ये मालकांच्या थोरल्या मुलाचं लग्न ठरलं. त्यांच्या तीन खोल्या, माणसं नऊ. त्यांनी आजोबांकडे दोन खोल्या मागितल्या. आजोबांकडे त्या दोन खोल्यांत माणसं सात. कुठे जायचं, हा प्रश्न खरा होता. मुलाला संसार कुठे मांडून द्यायचा, हाही खराच. आजोबा नाही म्हणाले. मालक लघुवाद न्यायालयात गेले. दाव्यातलं कारण होतं, स्वतःच्या राहण्यासाठी वाजवी आणि खरीखुरी गरज.

त्यानंतर भाडं घेणं मालकांनी बंद केलं. भाडं थकलं तर भाडेकरू कायद्याचं संरक्षण गमावतो, म्हणून आजोबा दर महिन्याला पोस्टात जाऊन २२ रुपयांची मनीऑर्डर करायचे. आमचं दार आणि मालकांचं दार यांत दहा पावलांचं अंतर. ते २२ रुपये आमच्या खोलीतून लक्ष्मी रस्त्यापलीकडच्या पोस्टात जायचे, तिथून पोस्टमनबरोबर पुन्हा वाड्यात यायचे, चौक ओलांडून मालकांच्या दारी जायचे. मालक मान हलवायचे. पोस्टमन फॉर्मवर 'घेण्यास नकार' लिहायचा आणि काही दिवसांनी तेच पैसे दहा पावलं चालून आमच्या दारात परत यायचे. आजोबा तो कागद तारखेप्रमाणे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात लावून ठेवायचे. पुढच्या महिन्यात पुन्हा पोस्ट. बारा वर्षं.

मी त्या बारा वर्षांच्या मधेच कुठेतरी जन्मले. मला हा अबोला निसर्गनियमासारखाच वाटायचा: नळावर त्यांची बादली असेल तर आई थांबायची, ती भरून गेली की जायची. कुणी कुणाला काही म्हणायचं नाही. मालकांचा थोरला मुलगा बायकोला घेऊन धनकवडीला भाड्याच्या खोलीत राहत होता. वाड्याच्या मालकाचा मुलगा दुसऱ्याच्या घरात भाडेकरू आणि त्याचं भाडं अर्थातच २२ रुपये नव्हतं. सणाला तो यायचा तेव्हा आमच्या खोल्यांकडे न बघता जिना चढायचा. त्याच्या तोंडावर काय असायचं, हे लहानपणी मला समजलं नाही. आता समजतं.

१९८६ साली निकाल लागला. दावा फेटाळला. त्या कायद्यात मालकाची गरज खरी ठरली तरी तेवढ्यावर भागत नसे. हुकूम दिला तर भाडेकरूला किती त्रास आणि नाही दिला तर मालकाला किती, याची तुलना कोर्टाला करावी लागे. कुणाला दुसरीकडे जागा मिळण्यासारखी आहे, हेही बघावं लागे. आमचं पारडं जड ठरलं. बाबांनी पेढे आणले. मी आठ वर्षांची. पेढ्यांचा पुडा घेऊन मला बिऱ्हाडं फिरायला पाठवलं, मालकांकडे जायचं नाही असं बजावून. चौकात मालकीणबाई नळावर होत्या. त्यांनी मला हाक मारली.

"कसले गं पेढे?"

"आम्ही जिंकलो," मी म्हटलं.

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग ओले हात पदराला पुसले, माझ्या फ्रॉकचं मागचं बटण सुटलं होतं ते लावलं, आणि म्हणाल्या, "जा. नीट धर, सांडतील."

हे मी घरात कधी सांगितलं नाही. त्या वयात सांगण्यासारखं काही घडलंय असं वाटलंच नव्हतं. चाळीस वर्षांनी, काकूंचा फोन ठेवल्यावर, ते बटण लावताना मानेला लागलेली त्यांची गार ओली बोटं मला जशीच्या तशी आठवली.

पुढे १९९४मध्ये वाडा बिल्डरकडे गेला, भाडेकरूंना त्यात हिस्सा मिळाला, आमचा हिस्सा विकून बाबा आणि त्यांचे दोन भाऊ यांनी पैसे वाटून घेतले. त्यातून कुणाचंच घर झालं नाही.

मालकांच्या पिढीनं या सगळ्यातून जो धडा घेतला त्याचे परिणाम शहरानं भोगले. १९७३मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे 'लिव्ह अँड लायसन्स'वर राहत होते त्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. झालं, मालक हबकले. दादरला माझ्या आईच्या मावशीचं एक घर होतं, ते तिनं वीस वर्षं कुलूप लावून ठेवलं. वर्षातून दोनदा जाऊन झाडायची. "एकदा माणूस आत आला की घर गेलं," असं ती म्हणायची. अशी बंद घरं गल्लोगल्ली होती आणि त्याच गल्ल्यांत लोक जागा शोधत फिरत होते. शेवटी डिसेंबर १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की भाडं असं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. त्यानंतर नवा कायदा झाला, तो ३१ मार्च २०००ला लागू झाला. जुन्या भाडेकरूंच्या भाड्याला वर्षाला चार टक्के वाढ मिळाली, त्यांचं संरक्षण राहिलं आणि त्यांच्यासाठी ती तुलनाही राहिली. बाकी आम्ही सगळे, त्यानंतर भाड्यानं राहायला लागलेले, अकरा महिन्यांच्या करारात गेलो.

मला कुणी विचारलं की यातलं बरं कुठलं, तर मी जुना काळ परत मागणार नाही. मी त्या चौकात वाढले आहे. बारा वर्षं दोन कुटुंबं एकमेकांना पाठ करून पाणी भरत होती, ही किंमत कुणी कुठल्या निकालात लिहिली नाही. पण त्या कायद्यात एक गोष्ट होती जी आज आमच्यासारख्यांसाठी नाही आणि मला ती मोलाची वाटते: कुणीतरी दोघांनाही विचारत होतं. तुम्हाला घर का हवं? तुम्हाला निघायला काय अडचण? आणि मालकानं स्वतःसाठी म्हणून घर घेतलं तर महिन्याभरात त्यानं तिथे राहायला यायचं, वर्षाच्या आत दुसऱ्याला द्यायचं नाही, नाहीतर जुना भाडेकरू पुन्हा ताबा मागू शकतो, अशीही तजवीज होती. माझ्या मैत्रिणी जो संशय घेत होत्या तो कायदा करणाऱ्यांना तेव्हाच माहीत होता. आज तो संशय घेतला तरी तो नेऊन ठेवायला जागा नाही.

माझी मामेबहीण जर्मनीत श्टुटगार्टला असते. तिच्या घरमालकालाही मुलीसाठी घर हवं होतं. तिथे या गरजेला एक शब्दच आहे, 'आयगनबेडार्फ'. मालकानं कुणासाठी आणि का हवं ते लेखी सांगायचं, आणि भाडेकरू जितका जुना तितकी नोटिशीची मुदत जास्त. एरवी तीन महिने, पाच वर्षं झाली असतील तर सहा, आठ झाली असतील तर नऊ. ती म्हणाली, "तू आठ वर्षं राहिलीस ना, म्हणजे इथे असतीस तर नऊ महिने." मी बोटांवर मोजलं. नोव्हेंबरचा फोन आणि काकूंनी दिलेला एप्रिल, साडेपाच महिने. करारातला एक महिना सोडून बाकीचे काकूंनी स्वतःच्या पदरचे घातले होते. हिची परीक्षा कधी संपते, या एका प्रश्नात त्यांनी आमचा त्रास आणि त्यांचा त्रास तोलून पाहिला होता. बंगळूरच्या त्या खोलीतली त्यांची एकेक रात्र त्यांनी दुसऱ्या पारड्यात टाकली होती. कोर्टाला हे करायला बारा वर्षं लागली होती.

घर शोधण्याबद्दल फार लिहीत नाही, ज्यांनी शोधलंय त्यांना माहीत आहे. दलाली एक महिन्याचं भाडं, डिपॉझिट, 'फॅमिली आहे ना', 'नॉनव्हेज करता का', शनिवार-रविवार सतरा घरं. एका ठिकाणी मी दलालाला विचारलं, "मालक परत राहायला येणार नाहीत ना?" तो म्हणाला, "ताई, ते अमेरिकेत आहेत, कशाला येतायत." मला ते ऐकून बरं वाटलं आणि लगेच त्या अमेरिकेतल्या, मला माहीत नसलेल्या बाईसाठी वाईटही वाटलं. अखेर वारज्याला मिळालं. २८ हजार, एक खोली कमी, लेकीचा क्लास लांब. लेक काही बोलली नाही. फक्त एके संध्याकाळी तिनं कपाटावरची चुंबकांची अक्षरं एकेक करून काढली आणि डबीत भरली.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी काकू आल्या, मुलगा बरोबर, दोन बॅगा. आमचं सामान आदल्या दिवशीच गेलं होतं. रिकाम्या घरात आवाज घुमत होता. काका असते तर त्यांनी घर पुन्हा ताब्यात घेतलं असतं, पण काकूंना या घराचं यंत्र माहीतच नव्हतं. ते सगळं काका बघायचे. मी त्यांना त्यांचंच घर दाखवायला लागले. काकू, गिझरचं बटण आता बाहेर घेतलंय. हा नळ बदलला, आता पूर्ण बंद करायचा. पाइपचा गॅस आला त्याला तीन वर्षं झाली, हा त्याचा कॉक, आडवा केला की बंद. त्या सिलिंडरची जागा शोधत होत्या. दूध सकाळी सहाला येतं, पिशवी दाराला अडकवायची. खालच्या मजल्यावरच्या आजी गेल्या, तिथे आता नवीन माणसं आहेत. काकू प्रत्येक गोष्टीला मान हलवत होत्या, आणि मधेच, बेसिनपाशी, म्हणाल्या, "तुला किती माहीत आहे गं."

मग त्यांनी पर्समधून किल्ली काढली आणि कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात मलमलीत गुंडाळलेली साडी, समया, देवाचं तांब्याचं ताम्हन. खालचे दोन्ही कप्पे काकांचे. काचेच्या बरण्यांत आकारानुसार स्क्रू आणि खिळे, पाने, करवत, आणि एक वही. वहीत घराचं सगळं लिहिलेलं. कुठल्या साली रंग दिला, कुठल्या भिंतीत वायर कुठून जाते, टाकी कधी धुतली. शेवटची नोंद मे २०१६ची. त्याच्या शेजारी कापडात बांधलेला रंधा. काकूंनी तो सोडला. पात्याला तेल लावून ठेवलं होतं, गंजलं नव्हतं. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, पण धरायचा कसा हे त्यांना ठाऊक नव्हतं.

निघताना त्यांनी डिपॉझिटचा चेक दिला. मग पिशवीतून नारळ, खण आणि तांदूळ काढले आणि तिथेच थांबल्या. मुलाकडे पाहिलं, तो गॅलरीत होता. हळू आवाजात म्हणाल्या, "घरातून लेक निघाली की ओटी भरतात. पण आता मी भरली तर... चालेल ना गं तुला?"

मी ओढणी पसरली. त्यांनी तांदूळ घातले तेव्हा थोडे खाली सांडले. दोघी मिळून ते वेचले.

जुलैत जोराचा पाऊस लागला. एका दुपारी काकूंचा फोन आला. "अगं, गॅलरीचं दार उघडतच नाहीये. सकाळपासून खटपट करतेय. तो कढीपत्ता पावसात भिजतोय की नाही तेही दिसेना. सुताराला बोलावू का?"

"नको काकू. असं करा, कडीला धरून दार आधी जरा वर उचला. पूर्ण ताकदीनं नाही, थोडंच. आणि उचलून धरलं की पायानं खालच्या कोपऱ्यात ढकला, डाव्या."

फोन त्यांनी कुठेतरी ठेवला. कडीचा आवाज आला, मग त्यांचा श्वास, मग एक घासल्याचा आवाज आणि मग एकदम पावसाचा. घरातला, दाराच्या आतून ऐकू येतो तो. त्या गॅलरीच्या पत्र्यावरचा तो आवाज मी नऊ पावसाळे ऐकला होता.

"उघडलं," काकू म्हणाल्या.